बँडवाला आणि तिरप्या कक्षा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी हा विषय मी दहावीपर्यंत पास झालो की सुटलो या भावनेने केला आणि ऱ्हस्व-दीर्घ अजूनही देवावर सोडतो. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा आधी टाळाटाळच केली. पण गेलं वर्षभर एका माणसाने माझं डोकं असं व्यापलंय की त्याच्याबद्दल कुठेतरी लिहून टाकल्याशिवाय सुटका नाही. त्याची गोष्ट मला माझ्या ताईने सांगितली, आणि ती मराठीत. म्हणून इकडेच आलो.

माणसाचं नाव विल्यम हर्शेल. आपल्या सगळ्यांना तो एका मार्कापुरता भेटलेला असतो. युरेनसचा शोध कोणी लावला? विल्यम हर्शेल. पुढचा प्रश्न.

माझी त्याच्याशी खरी ओळख झाली ती हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर, बाथरूमशेजारच्या मोकळ्या जागेत. सेकंड इयरला असताना रूम पार्टनरने आणि मी टेलिस्कोप बनवायचा घाट घातला. सहा इंची जाड काचेच्या दोन चकत्या आणल्या. एक उलट्या पिंपावर बसवली, मध्ये कार्बोरंडमची पावडर आणि पाणी, आणि वरची चकती पुढे-मागे घासत पिंपाभोवती प्रदक्षिणा. एवढंच. हळूहळू वरची चकती खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. तीन महिने रोज रात्री आम्ही हे केलं. त्या खर्र-खर्र आवाजावरून आजूबाजूच्या रूमवाल्यांनी आम्हाला काय काय नावं ठेवली ते इथे छापता येणार नाही. खरं तर त्या तीन महिन्यांत मी मेकॅनिक्सच्या केटीचा अभ्यास करायला हवा होता. असो.

एकदा फोनवर ताईजवळ खांदे दुखत असल्याची कुरकुर केली, तेव्हा तिने हर्शेल काढला. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, एम.एस्सी.ला नंबरही लागला होता. त्याच वर्षी माझी इंजिनिअरिंगची फी आली. ती नोकरीला लागली. घरात यावर कधी चर्चा झाली नाही, झालं इतकंच.

आता हर्शेल. माणूस फार मोठा, पण मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. ज्याच्यासारखं रात्र-रात्र घासलंय त्याला अहो-जाहो करणं मला जमत नाही.

जन्म १५ नोव्हेंबर १७३८, जर्मनीतल्या हॅनोव्हर गावी. वडील लष्कराच्या बँडमध्ये ओबो वाजवायचे. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या नात्यातलं वाद्य. घरात पैसा बेताचा, पोरं पुष्कळ, पण जेवणाच्या टेबलावर संगीत आणि न्यूटन यांच्यावर वाद चालायचे म्हणे. विल्यमही चौदा-पंधराव्या वर्षी त्याच बँडमध्ये भरती झाला. म्हणजे आपला शास्त्रज्ञ मुळात बँडवाला! १७५७ मध्ये फ्रेंच सैन्याशी हॅस्टेनबेकची लढाई झाली, हॅनोव्हर फ्रेंचांच्या ताब्यात गेलं, आणि हा एकोणीस वर्षांचा मुलगा इंग्लंडला निघून आला. लष्करातून सुटल्याचा रीतसर कागद त्याला मिळाला तो थेट १७६२ मध्ये.

इंग्लंडमध्ये त्याने सुरुवातीला दुसऱ्यांच्या संगीताच्या नकला उतरवून पोट भरलं. म्हणजे आपल्याकडे जर्नल लिहून देतात तसंच. मग शिकवण्या, मग कार्यक्रम, मग गावोगाव हिंडणं. त्याने चोवीस सिम्फनी लिहिल्या. १७६६ मध्ये बाथ या शहरात एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्याची चांगली नोकरी लागली. बाथ म्हणजे श्रीमंतांचं हवापालटाचं ठिकाण, त्यामुळे शिकवण्याही भरपूर. तिथपर्यंत त्याचं आयुष्य एका यशस्वी संगीतशिक्षकाचं आहे. वय अठ्ठावीस. विज्ञानाशी संबंध शून्य.

संगीतातून तो खगोलशास्त्राकडे कसा वळला? रॉबर्ट स्मिथ नावाच्या लेखकाचं सुरांच्या गणितावरचं पुस्तक त्याने वाचलं. ते आवडलं म्हणून त्याच लेखकाचं प्रकाशावरचं पुस्तक घेतलं. त्यात टेलिस्कोप कसे बनवतात ते होतं. झालं! १७७३ मध्ये, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, याने आरसे घासायला घेतले. शेजारचा एक गृहस्थ तोच छंद सोडून देत होता, त्याची जुनी हत्यारं विकत घेतली.

इथे आपल्या वर्कशॉपवाल्या मंडळींसाठी थोडं सांगायला हवं. तेव्हाचे आरसे काचेचे नसत. तांबं आणि कथील वितळवून चकती ओतायची, म्हणजे जवळजवळ कासंच, पण कथील जास्त. कथील वाढवलं की चकाकी वाढते आणि ठिसूळपणाही वाढतो. थंड होताना जरा घाई झाली की तडा. ओतून झाल्यावर घासायचं, मग राळेच्या थरावर पॉलिश करायचं, आणि आकार केसाच्याही कित्येक पट बारीक अचूकतेने पॅराबोला व्हायला हवा. वर हा धातू काही महिन्यांत काळवंडतो, की पुन्हा पॉलिश. फर्स्ट इयरला फिटिंगचा एक जॉब करताना माझ्या नाकी नऊ आले होते. या माणसाने आयुष्यात शेकडो आरसे केले.

घराचं काय झालं असेल? दिवाणखान्यात नळ्या, बेडरूममध्ये लेथ, सगळीकडे धातूचा कीस. अलेक्झांडर नावाचा भाऊ यंत्रकामात पटाईत होता, तो मदतीला. आणि १७७२ मध्ये हॅनोव्हरहून आलेली धाकटी बहीण, कॅरोलिन.

ताईची गोष्ट खरं म्हणजे इथून सुरू झाली होती, हर्शेल फक्त प्रस्तावनेला होता!

कॅरोलिनचा जन्म १७५० चा. दहाव्या वर्षी टायफस झाला आणि वाढ खुंटली. उंची साधारण सव्वाचार फूट. हिचं लग्न होणार नाही, हिने घरकाम करावं, असं आईने ठरवून टाकलेलं. विल्यमने आईला बदली मोलकरणीचे पैसे देऊ केले तेव्हा कुठे तिला सोडलं. बाथला आल्यावर ती इंग्लिश शिकली, हिशोब शिकली, गाणं शिकली, आणि चांगली गायिका झाली. कार्यक्रमात मुख्य भाग गाऊ लागली. मग भावाला ताऱ्यांचं वेड लागलं आणि हिचं गाणं मागे पडलं. तिला कोणी विचारलं होतं असं दिसत नाही.

आरशाचं पॉलिश एकदा सुरू केलं की मध्ये हात उचलायचा नाही, अशी त्याची पद्धत. एकदा तर सलग सोळा तास! अशा वेळी कॅरोलिन शेजारी बसून त्याला घास भरवायची आणि डॉन किहोते किंवा अरबी सुरस गोष्टी वाचून दाखवायची. फोनवर हे सांगताना ताई हसत होती. मी पण हसलो. मग माझ्या लक्षात आलं की माझं मेसचं बिल दर महिन्याच्या पाच तारखेला ताईच्या खात्यातून जातं. पुढचं बोलणं मी लवकर आवरलं.

हर्शेल आकाशात नेमकं काय शोधत होता? हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. त्याला ताऱ्यांचं अंतर मोजायचं होतं. अंगठा डोळ्यासमोर धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटा, अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. तसंच पृथ्वी सूर्याच्या या बाजूला असताना आणि सहा महिन्यांनी त्या बाजूला असताना जवळचा तारा लांबच्या ताऱ्याच्या तुलनेत किंचित सरकायला हवा. मग अगदी चिकटून दिसणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या घ्या. एक जवळचा, दुसरा योगायोगाने त्याच दिशेला पण फार लांबचा. जवळचा किती सरकतो ते मोजा, अंतर मिळालं. कल्पना गॅलिलिओपासूनची. त्यासाठी आधी अशा जोड्यांची यादी हवी, म्हणून हर्शेल घराच्या बागेत रात्रीमागून रात्री जोडतारे धुंडाळत होता. दिवसा शिकवण्या.

१३ मार्च १७८१ ची रात्र. वृषभ आणि मिथुन यांच्या हद्दीवर त्याला एक तारा वेगळा वाटला. जास्त भिंग लावलं तर तारा ठिपकाच राहतो, हा मोठा होत होता. चार दिवसांनी बघतो तर जागा बदललेली. त्याला वाटलं धूमकेतू. पुढे गणितज्ञांनी कक्षा मांडली तेव्हा ती जवळजवळ वर्तुळाकार निघाली, शनीच्या दुप्पट अंतरावर. ग्रह! माणसाने आदिकाळापासून जे ग्रह डोळ्यांनी पाहिले त्यात पहिल्यांदाच भर पडली. गंमत म्हणजे फ्लॅमस्टीड या खगोलशास्त्रज्ञाने १६९० मध्येच तो पाहून साधा तारा म्हणून नोंदवला होता. दिसला दोघांनाही, पण आरसा याचा चांगला होता.

बेचाळीस वर्षांचा संगीतशिक्षक एकदम जगप्रसिद्ध झाला. रॉयल सोसायटीचं पदक मिळालं, सदस्यत्व मिळालं. त्याने ग्रहाला इंग्लंडच्या राजाचं, म्हणजे तिसऱ्या जॉर्जचं नाव दिलं. (मस्का लावायची कला तेव्हाही होती!) युरोपात कोणी ते मानलं नाही, युरेनस हे नाव रूढ झालं. पण राजा खूश झाला आणि १७८२ मध्ये वर्षाला २०० पौंड लावून दिले. संगीतातल्या कमाईपेक्षा कमी. तरी हर्शेलने ऑर्गन सोडला. कॅरोलिनचं गाणंही तिथेच संपलं.

याच्या आधी बाथमध्येच एक प्रसंग घडला तो सांगायलाच हवा. ऑगस्ट १७८१, नव्या ग्रहाला पाच महिने झालेले. त्याला तीन फुटी आरसा हवा होता. एवढी चकती ओतून द्यायला कोणी तयार नाही, म्हणून घराच्या तळघरातच भट्टी लावली. साचा माती आणि घोड्याच्या लिदीचा. ती लीद कुटून चाळायचं काम दिवसेंदिवस कॅरोलिन करत होती. पहिली चकती थंड होताना तडकली. दुसऱ्यांदा भट्टीच गळायला लागली. वितळलेला धातू फरशीवर आला आणि दगडी फरशा फटाक्यासारख्या उडायला लागल्या. सगळे दरवाजाकडे पळाले, हर्शेल दमून विटांच्या ढिगावर कोसळला. आपल्या फाउंड्रीच्या प्रॅक्टिकलला सर सेफ्टी शूजवरून एवढे का ओरडतात ते मला हे वाचून कळलं.

पुढे स्लाव या गावी त्याने चाळीस फुटी टेलिस्कोप उभारला. आरसा चार फुटी, वजन टनाच्या घरात, राजाने एकूण ४००० पौंड दिले. १७८९ मध्ये तो पूर्ण झाला. शनीचे दोन नवे चंद्र दिसायला त्याची मदत झाली, पण एकंदरीत तो हत्ती पोसण्याचाच प्रकार ठरला. हलवायला माणसं लागायची, आरसा दवाने खराब व्हायचा. खरं काम त्याने वीस फुटीवरच केलं. त्यावर मी जास्त लिहीत नाही. कॅरोलिनने या काळात स्वतःच्या छोट्या दुर्बिणीने १७८६ पासून आठ धूमकेतू शोधले आणि १७८७ पासून तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू झाला. तिच्या हातात आलेले स्वतःच्या कमाईचे पहिले पैसे.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो तिकडे येतो. हर्शेलला आयुष्यात दोन गोष्टी सापडल्या आणि दोन्हींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्याला कळणं शक्यच नव्हतं.

पहिली गोष्ट तिरकेपणाची. ११ जानेवारी १७८७ ला त्याने युरेनसचे दोन चंद्र शोधले, आज त्यांना टायटानिया आणि ओबेरॉन म्हणतात. त्यांच्या कक्षा बघून तो चक्रावला. सगळे ग्रह आपले शिस्तीत एका पातळीत फिरतात, आणि हे चंद्र त्या पातळीला जवळजवळ काटकोनात! १७९८ मध्ये त्याने जाहीर केलं की ते उलट दिशेने फिरतात. आज आपण म्हणतो की युरेनसचा आस ९८ अंशांनी कललेला आहे, ग्रह आडवा पडून लोळत चाललाय आणि चंद्रही त्याच्यासोबत. आकाशात सगळं काही समांतर आणि नीटनेटकं नसतं, याची ती पहिली ठळक खूण होती. (त्याच लेखात त्याने आणखी चार चंद्र जाहीर केले होते, ते चारही खोटे निघाले. सूर्यावर लोक राहतात असंही तो मानायचा. मला हे वाचून फार बरं वाटलं.)

दुसरी गोष्ट जोडताऱ्यांची. त्याने एकूण साडेआठशेच्या आसपास जोड्यांची यादी केली, पण ज्यासाठी केली ते अंतर काही मिळेना. जॉन मिचेल नावाच्या पाद्रीने १७६७ मध्येच गणिताने दाखवलं होतं की इतक्या जोड्या योगायोगाने दिसणं अशक्य आहे, त्या खऱ्याच एकमेकांजवळ असणार. म्हणजे हर्शेलचा पायाच चुकीचा होता. वीस-पंचवीस वर्षांनी त्याने जुन्या जोड्या पुन्हा मोजायला घेतल्या. आपल्या पुनर्वसू नक्षत्रातला कॅस्टर घ्या. त्यातले दोन तारे एकमेकांभोवती वळले होते! पृथ्वीच्या फिरण्याने दिसणारं हे सरकणं नव्हे, ते खरोखरच एकमेकांना प्रदक्षिणा घालत होते. १८०२ आणि १८०३ च्या निबंधांत त्याने हे मांडलं. गुरुत्वाकर्षण फक्त सूर्यमालेपुरतं नाही, ताऱ्यांमध्येही तेच चालतं, याचा हा पहिला भक्कम पुरावा. १८२७ मध्ये साव्हारी या फ्रेंच माणसाने सप्तर्षीतल्या एका जोडीची कक्षा न्यूटनच्या नियमाने मांडून दाखवली, ती जोडीही हर्शेलनेच नोंदवलेली होती. पंचवीस वर्षं एक उत्तर शोधायचं, ते मिळायचं नाही, आणि जमवलेल्या आकड्यांतून भलतंच मोठं काहीतरी बाहेर पडायचं! व्हायवाला बसलेल्या कुठल्या एक्स्टर्नलने याला मार्क दिले असते?

मोठा ग्रह, तिरपी कक्षा आणि जोडतारा. या तिन्ही गोष्टी एकत्र यायला जवळपास दोनशे वर्षं लागली. आणि मधल्या प्रयत्नात आपलं पुणं येतं, हे मला कळलं तेव्हा मी मेसमध्ये ताट सोडून उठलो होतो.

विल्यम स्टीफन जेकब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातला लष्करी इंजिनिअर. सर्वेक्षणात काम केलेला. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा उभारली. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. भुजंगधारी तारकासमूहात ७० ऑफ्युकी नावाचा जोडतारा आहे, हर्शेलनेच १७७९ मध्ये नोंदवलेला. त्याच्या कक्षेत जेकबला गडबड दिसली आणि १८५५ मध्ये त्याने जाहीर केलं की तिथे बहुधा एक न दिसणारा ग्रह असावा. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा मोजमापावर आधारलेला हा अगदी सुरुवातीचा दावा. चुकीचा निघाला. तिथे आजवर ग्रह मिळालेला नाही. १८६२ मध्ये पुण्याजवळ डोंगरावर वेधशाळा करायची म्हणून जेकब इंग्लंडहून परत आला, ८ ऑगस्टला मुंबईत उतरला आणि १६ ऑगस्टला पुण्यात वारला. वय अठ्ठेचाळीस. वेधशाळा राहिलीच.

पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता. जोडताऱ्यांमध्ये ग्रह असू शकतो का? असतात. वृषपर्वा समूहातला गॅमा सेफी हा तारा साध्या डोळ्यांना दिसतो. त्याच्या जोडीदाराचं सरासरी अंतर पृथ्वी-सूर्याच्या वीसपट, म्हणजे आपल्याकडे युरेनस जिथे आहे साधारण तिथे एक छोटा तारा आहे असं समजा! आणि तरीही मुख्य ताऱ्याभोवती एक राक्षसी ग्रह अडीच वर्षांत फेरी मारतो. १९८८ मध्ये संशय आला, मग शोधणाऱ्यांनीच माघार घेतली, शेवटी २००३ मध्ये पक्कं झालं. अलीकडच्या मोजमापांत असं दिसतंय की ग्रहाची कक्षा आणि जोडताऱ्याची कक्षा एका पातळीत नाहीत.

कक्षा तिरपी असली तर काय बिघडतं? पुष्कळ! १९६०च्या सुमाराला रशियाचा लिडॉव्ह आणि जपानचा कोझाई यांनी वेगवेगळ्या कारणांसाठी हे गणित केलं, एकाने उपग्रहांसाठी आणि दुसऱ्याने लघुग्रहांसाठी. स्वीडनच्या फॉन झायपेलने तर १९१० मध्येच. ग्रह आपल्या ताऱ्याभोवती फिरतोय, दूरवर दुसरा तारा आहे, आणि दोन कक्षांमधला कोन साधारण ३९ अंशांहून जास्त आहे. दूरचा तारा दर फेरीला ग्रहाला अगदी किंचित ओढतो. लाखो वर्षांत त्या ओढीची बेरीज होते आणि कक्षेचा कल आणि लांबटपणा यांची अदलाबदल सुरू होते. कल कमी झाला की कक्षा लांबुडकी, कल वाढला की पुन्हा गोलसर. कारण कोनीय संवेगाचा एक घटक कायम राहावा लागतो. हे वाक्य मेकॅनिक्सच्या पेपरात मी कोरं सोडलं होतं, ते मला इथे समजलं.

याचं टोकाचं उदाहरण सप्तर्षीच्या भागात आहे, एचडी ८०६०६. त्याचा जोडीदार तारा पृथ्वी-सूर्य अंतराच्या हजारपटीहून लांब. २००१ मध्ये तिथे गुरूच्या चौपट वस्तुमानाचा ग्रह सापडला. १११ दिवसांची फेरी, आणि कक्षा इतकी चपटी की एका टोकाला तो जवळजवळ पृथ्वीइतका लांब असतो आणि दुसऱ्या टोकाला ताऱ्याला घासून जातो. त्या घसटीत सहा तासांत त्याचं तापमान ८०० केल्व्हिनवरून १५०० वर चढताना स्पिट्झर दुर्बिणीने पाहिलं. कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्ताला ४० अंशांहून जास्त कललेली. हा कल मोजायची युक्तीही सुंदर आहे. तारा स्वतःभोवती फिरतो तेव्हा त्याची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी लांब जात असते. ग्रह आधी कुठली कड झाकतो यावरून प्रकाशाचा रंग किंचित इकडे-तिकडे झुकतो, आणि त्यावरून वाट तिरपी की सरळ ते कळतं. २००९ मध्ये याच युक्तीने ताऱ्याच्या उलट दिशेने फिरणारे राक्षसी ग्रहही सापडले. सगळेच तिरपे ग्रह जोडताऱ्यामुळे होतात असं नाही. काही शेजारच्या ग्रहांच्या धक्क्याने होतात, काही बहुधा जन्मतःच तिरपे. पण एचडी ८०६०६ च्या बाबतीत बोट त्या लांबच्या ताऱ्याकडेच जातं. एवढ्या लांबून, कधी न भेटता, एखाद्याच्या सगळ्या वाटेला वळण देणारा.

हर्शेलने १७८८ मध्ये लग्न केलं. कॅरोलिनला घराची सूत्रं सोडून वेगळं राहायला जावं लागलं. पुढच्या दहा वर्षांची रोजनिशी तिने नंतर फाडून टाकली, त्यामुळे तिला काय वाटलं ते कोणालाच माहीत नाही. काम मात्र सोडलं नाही. रात्री तो दुर्बिणीशी उभा राहून ओरडून आकडे सांगायचा आणि ती खिडकीशी बसून लिहायची, दिवसा गणितं करायची. १८०० मध्ये त्याने थर्मामीटर वापरून लाल रंगापलीकडची न दिसणारी उष्णता शोधली, ज्याला आपण इन्फ्रारेड म्हणतो. स्पिट्झरला तो ग्रह तापताना दिसला तो त्याच किरणांत. २५ ऑगस्ट १८२२ रोजी तो वारला, वय त्र्याऐंशी. युरेनसला एक फेरी मारायला चौऱ्याऐंशी वर्षं लागतात. कॅरोलिन हॅनोव्हरला परत गेली आणि भावाच्या नोंदींमधून अडीच हजार तेजोमेघांची नीट लावलेली यादी तयार केली, त्यावर पुतण्या जॉनने पुढचं काम केलं. १८२८ मध्ये तिला सुवर्णपदक मिळालं. १८४८ मध्ये, सत्त्याण्णव वर्षांची होऊन ती गेली.

आमच्या आरशाचं काय झालं? शेवटच्या टप्प्यात जाड पावडरचा एक कण कुठून तरी आला आणि केसाएवढा ओरखडा पडला. तो घालवायचा तर दोन पायऱ्या मागे जावं लागलं असतं. परीक्षा तोंडावर होती. आम्ही तसाच पॉलिश करून मुलामा देऊन घेतला. ओरखड्याने प्रतिमेत काही फरक पडत नाही, फक्त बघणाऱ्याला टोचत राहतो.

या वर्षी होळीला मी तो टेलिस्कोप पीव्हीसी पाइपासकट एस.टी.त घालून घरी नेला. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट मागितलं होतं. पौर्णिमा, चंद्राचा भगभगीत उजेड, अंधुक काही दिसण्याची आशा नाही. पण कॅस्टर चांगला वर आला होता. जास्तीचं भिंग लावलं आणि त्या एका ताऱ्याचे दोन झाले, मध्ये काळी बारीक फट. हर्शेलने मोजलेलेच दोघे. ते एकमेकांभोवती एक फेरी साडेचारशेच्या आसपास वर्षांत पूर्ण करतात, म्हणजे त्याने पाहिल्यापासून अजून एक फेरीसुद्धा झालेली नाही.

ताई स्टुलावर उभी राहून बघत होती. तेव्हा मी तिला मेकॅनिक्सच्या केटीचं सांगितलं, आणि त्या तीन महिन्यांत मी काय करत होतो तेही. ती काही बोलली नाही. डोळा न काढता तिने फक्त विचारलं की फोकस कुठल्या बाजूला फिरवायचा.